तारांची जाडी विचारणाऱ्याची बाजू

“रॉक गिटारवाला चाहत्यांसमोर बसला की कुठली गिटार, कुठलं पेडल, कुठला अ‍ॅम्प, एवढंच चालतं. यात संगीत कुठे आलं? ही तर दुकानदारी.” मीरा-भाईंदरमध्ये हे मी अनेकदा, अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. बोलणारी माणसं संगीताची वैरी नाहीत. त्यातली काही डिसेंबरात रजा काढून पुण्याला सवाईला जातात, काहींच्या घरी तानपुरा आहे, एक-दोघं विशारदही आहेत. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन येतं आणि म्हणूनच तो खोडून काढणं भाग आहे. कारण या एका मतापायी गिटार शिकणाऱ्या इथल्या मुलांचे खरे प्रश्न विचारण्याआधीच हलके ठरतात.

या मंडळींचं म्हणणं असं, की कलावंतानं बोलावं ते रियाजाबद्दल, गुरूबद्दल, रसाबद्दल. सूर बोटांत असतो, वाद्य निमित्तमात्र. मोठा वादक भंगारातली गिटार उचलूनही मोठंच वाजवेल.

हे शेवटचं वाक्य खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे. मोठा वादक भंगार गिटारवरही चांगलं वाजवतो, कारण तिचं काय बिघडलं आहे हे त्याला दोन सुरांत कळतं. मान वाकली आहे, कुठला पडदा झिजला आहे, कुठली तार स्वराला टिकणार नाही, हे ओळखून तो त्यातून वाट काढतो. ही ओळख वर्षानुवर्षं वाद्य उघडून, बिघडवून, दुरुस्त करून आणि दुसऱ्या वादकांना विचारून येते. जे ज्ञान त्याला विचारून मिळालं, ते दुसऱ्यानं विचारलं तर त्यात कमीपणा कसला?

आणि हा आक्षेप मराठी रसिकानं घ्यावा, याचं मला विशेष नवल वाटतं. आपल्याकडे मिरज आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेत येतात, वाळतात, त्यांचे तानपुरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळे अभिमानानं बोललो. तिथे कारागीर जवारी लावताना बघा. घोडीचा माथा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुती दोरा केसभर सरकवायचा की आवाज उघडतो, अजून केसभर सरकवला की बसतो. गवई समोर बसून “अजून थोडी मोकळी” म्हणत राहतो. या कामात अख्खी दुपार जाते. त्या दुपारीला दुकानदारी म्हणणारा रसिक मला अजून भेटायचा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. वाद्यदुरुस्तीवर त्यांचा हात बसलेला होता आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतींच्या मोजमापाला त्यांनी आपल्या गळ्याची साथ दिली. त्यांचा सूर कमी पडला, असं कुणी म्हणेल?

मग जवारी हे ज्ञान आणि पेडल हा बाजार, हा भेद कुठून आला? मला वाटतं, इलेक्ट्रिक गिटार आतून कशी चालते याची कल्पना नसल्यामुळे आला. या वाद्याचा लाकडी भाग म्हणजे अर्धं वाद्य. तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे; यालाच पिकअप म्हणतात. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं की लहरींचे माथे चपटे होतात आणि मूळ सुरात नसलेले नवे उपस्वर जन्माला येतात. आवाज लांबतो, दाटतो. रॉकचा जो खरखरीत, भरलेला आवाज आपण ओळखतो तो हाच.

याचा परिणाम थेट व्याकरणावर होतो. उपस्वरांची इतकी गर्दी झाली की सा-ग-प असा पूर्ण मेळ वाजवताना गंधार इतरांशी भांडतो, सगळं गढूळ ऐकू येतं. म्हणून रॉकवाल्यांनी गंधार गाळला आणि षड्ज-पंचमाची जोडी धरली. तानपुऱ्यात स्वयंभू गंधार शोधणाऱ्या आपल्या कानांना तर ही गोष्ट लगेच पटायला हवी. हजारो रॉक गाण्यांचा पाया ज्या दोन स्वरांवर उभा आहे, ते दोनच का, याचं उत्तर अ‍ॅम्पमध्ये आहे. अ‍ॅम्पबद्दल बोलायचं नाही म्हटलं, तर या संगीताच्या स्वररचनेबद्दलही बोलता येणार नाही.

तारांच्या जाडीची चेष्टा सर्वांत जास्त होते. “नऊची वापरता की दहाची?” असं कुणी विचारलं की मागे बसलेले ज्येष्ठ मान हलवतात. त्यांनी टोनी आयोमी या गिटारवादकाची गोष्ट ऐकावी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर दाबायचा हात तोच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. जाड तारा दाबवेनात, तेव्हा बॅन्जोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या. पुढे ताण आणखी सैल करण्यासाठी गिटारच खाली उतरवून लावली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त तो उतरवलेला, जडशीळ आवाज ऐकू येतो. हेवी मेटल नावाच्या अख्ख्या शैलीच्या जडणघडणीत या तारांचा मोठा वाटा आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. तारांच्या जाडीचा प्रश्न क्षुल्लक आहे, असं त्याच्यासमोर म्हणून बघा.

आता दुकानदारीच्या आरोपाकडे येतो. भाईंदरला एका वर्गात, स्टुडिओत वाजवून पोट भरणारा एक गिटारवादक मुलांशी बोलायला आला होता. जागा म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. एका मुलानं विचारलं, “दादा, माझ्या गिटारला घरघर येते. बाहेर कार्यक्रमात तर फारच. नवीन घ्यायला हवी का?” दादानं उलट विचारलं, “तारांना हात लावलास की घरघर वाढते की कमी होते?” कमी होते, म्हणाला. “मग गिटारचं अर्थिंग ठीक आहे. पिकअप सिंगल कॉइल आहे, ते वीज ऐकतंच. ट्यूबलाइटपासून लांब उभा राहा, दिशा बदलून बघ. आणि अ‍ॅम्पचा प्लग किती पिनचा आहे?” मुलानं सांगितलं, तिसरी पिन कापून टाकली आहे, कारण घरचा बोर्ड दोन पिनांचा. त्यावर त्या माणसानं बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पला जोडलेली गिटार गळ्यात असताना माइकला ओठ लागले तर काय होऊ शकतं, ते सांगितलं. मग घरघरीचा स्वर वाजवून दाखवला. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिचा स्वर पाश्चात्त्य मोजणीत जी च्या आसपास येतो. अमेरिकेत साठ हर्ट्झ, तिथे तो वर सरकतो. तिथून तो हमबकरवर गेला. चुंबकाची उलटी टोकं असलेली दोन वेटोळी उलट दिशेनं जोडली की दोन्हींतली घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज उरतो; गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हे जमवलं.

त्या मुलाची नव्या गिटारची खरेदी त्या दिवशी टळली. जीवही कदाचित वाचला. विजेचा एक धडा त्याला असा मिळाला की तो जन्मभर विसरणार नाही. ज्याला आपण दुकानदारी म्हणतो, तिथे हे घडलं. दुकानात गेला असता तर त्याला गिटार विकली गेली असती.

आपल्या हवेचंही तसंच आहे. उत्तनकडून आणि खाडीकडून येणारी खारी हवा पोलादी तारांना काही दिवसांत गंज चढवते, पावसाळ्यात मान फुगते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या चित्रफितीत याचा इलाज सापडत नाही. तो इथेच राहून, इथेच वाजवणाऱ्यालाच विचारावा लागतो.

अशा गप्पांतून नुसते ग्राहक तयार होतात, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल हा ड्रमवादक आणि ड्रमशिक्षक वाद्यांचं दुकान चालवायचा. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर यांच्यासारखे तरुण गिटारवाले दुकानात येऊन अ‍ॅम्पबद्दल कुरकुर करत. हवा तसा आवाज मिळत नाही, मिळतो तो परवडत नाही. त्या कुरकुरीतून साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मार्शल अ‍ॅम्प उभा राहिला. त्याआधी स्ट्रॅटोकास्टर आणणारे लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, त्यांना गिटार वाजवताही येत नव्हती. वादक काय म्हणतात ते त्यांनी ऐकलं, एवढंच. आणि हे दूरदेशीचंच आहे असं समजू नका. मुंबईतल्या ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ची पेडल्स परदेशातले वादक वापरतात. भाईंदर पूर्वेला मोटर वाइंडिंगची दुकानं आहेत, तिथे बसलेली माणसं दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजतात. पिकअप म्हणजे तेच काम, जास्त बारीक तारेनं. ही माणसं आणि गिटारवाला एका खोलीत बसले तर काय होईल, याची मला खरोखर उत्सुकता आहे. ते बसणारच नाहीत अशी व्यवस्था मात्र आपण ‘संगीताच्या पावित्र्या’च्या नावाखाली करून ठेवली आहे.

दुसरा आरोप वेगाचा. हे लोक नुसते बोटं पळवतात, सर्कस करतात, म्हणे. काही करतात, खरं आहे. पण सपाट तान तीन सप्तकांत धावते तेव्हा आपण “वा” म्हणतो, झाल्यात तबल्याशी चढाओढ लागली की सभागृह उभं राहतं. वेगामागची तयारी आपल्याला दिसते, कारण ती कशी होते हे माहीत आहे. गिटारवरची दिसत नाही, कारण ती आपण ऐकून घ्यायलाच तयार नाही. एडी व्हॅन हेलननं १९७८ मध्ये ‘इरप्शन’ या छोट्या तुकड्यात उजव्या हाताची बोटंही पडद्यांवर आणली आणि गिटार शिकणाऱ्या जगाचं डोकं फिरलं. स्टीव्ह व्हायनं आपला दहा तासांचा रियाज तासातासाच्या हिशेबासह अमेरिकेतल्या गिटारच्या मासिकात छापून टाकला. वेगाला सर्कस म्हणण्याआधी तो रियाज एकदा वाचावा.

हाच व्हाय पोरवयात ज्याच्याकडे शिकला तो जो सॅट्रिआनी. मेटॅलिकाचा कर्क हॅमेटही त्याचाच शिष्य. सॅट्रिआनी स्वतः जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानोकडे शिकलेला. चाहत्यांनी “तुमच्यावर प्रभाव कुणाचा?” असं विचारलं की ही साखळी उलगडते, कोणी कुणाकडून काय उचललं आणि काय टाकलं ते कळतं. घराण्यांच्या चर्चेत रात्री घालवणाऱ्या आपल्या रसिकांना हे नवं नाही. फरक एवढाच की इथे ही माहिती गंडा बांधलेल्या शिष्यापुरती राहत नाही, तिकीट काढून आलेल्या कुणालाही मिळते.

आणि या मोकळेपणाला नाक मुरडणाऱ्यांना मी विष्णु नारायण भातखंड्यांची आठवण करून देईन. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा मुंबईकर देशभर फिरला, खाँसाहेबांच्या पाया पडला, बंदिशी मिळवल्या, नकार पचवले आणि जे मिळालं ते छापून टाकलं. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीत लिहिली, तीही प्रश्नोत्तरांच्या, संवादाच्या रूपात. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आज ज्याला हवी तो विकत घेतो. चीजा लपवून ठेवण्याच्या काळात त्यांनी कुलूप काढलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून हेच केलं, शिक्षण घराबाहेर आणलं. गिटारवादक आपली तार, आपला अ‍ॅम्प, आपला रियाज आणि आपल्या चुका चार लोकांसमोर उघड करतो, तेव्हा तो या दोघांच्या वाटेवर असतो. विरोध करणारे मात्र, त्यांना कळो न कळो, कुलूपवाल्यांच्या बाजूला उभे राहतात.

“पण हे वाद्यच आपलं नाही.” हार्मोनिअमही नव्हती. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नाही, तरी नाट्यसंगीत तिच्याशिवाय आणि पायपेटीशिवाय सुचत नाही. व्हायोलिन नव्हतं. आणि जिथे आपण राहतो त्या गावाकडे तरी बघा. उत्तन, पाली, चौक, डोंगरी इथले ईस्ट इंडियन आणि ख्रिस्ती कोळी घरात आपली मराठी बोलतात. त्यांच्या लग्नात बँड आहे, गाण्यात आणि चर्चमध्ये गिटार आहे. मीरा रोडचे टॉवर मिठागरांच्या कडेनं उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरची मराठी माणसं पाश्चात्त्य वाद्यं ओळखतात. शिवाय जगभरच्या गिटारींच्या मानेवर जी काळपट पट्टी असते, ती बऱ्याचदा आपल्याच शिसवीची. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तसं भारतीय शिसव जगभर गेलं. २०१७ मध्ये त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा गिटार कंपन्यांची धावपळ झाली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत ती चालली. जॉन मॅक्लॉक्लिननं ‘शक्ती’ या आपल्या बँडसाठी जी गिटार करून घेतली, तिला तरफांच्या तारा होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं, वीणेसारखी मींड काढता यावी म्हणून. या वाद्यात आपलं काही नाही, असं म्हणणाऱ्यानं नेमकं काय बघितलं आहे?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. अशा बैठका पुष्कळदा वाद्यकंपन्या किंवा विक्रेते भरवतात, वादकाला कंपनीकडून वाद्य मिळालेलं असतं आणि तो त्याची स्तुती करतो. यावर उपाय बैठका बंद करणं हा नाही. जाहिरातीत प्रश्न विचारता येत नाही, बैठकीत येतो. “हे तुम्हाला फुकट मिळालं नसतं तर काय घेतलं असतं?” हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे आणि प्रामाणिक उत्तर मिळालेलं आहे. आणि कंपनीचा पैसा खुपत असेल तर सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जागेत बैठका घ्या.

जागेचा प्रश्न आला की दौऱ्यांचाही येतो. वादक आपल्या दौऱ्यांबद्दल सांगतात ते ऐकून “फुशारकी” म्हणणाऱ्यांना मुंबईचा इतिहास ठाऊक नसावा. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांत तो खुला रंगमंच मैफलींना बंद झाला. महेश तिनईकरांची गिटार ज्या ‘रॉक मशीन’मध्ये होती, त्या बँडनं १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. त्यांच्या पिढीला परदेशी वाद्य मिळवायचं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागत. गिटारवादक ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक ज्याच्या संस्थापकांत होते, ते लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं ‘ब्लूफ्रॉग’ हे मैफलींचं ठिकाण २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंद पडलं. ठाण्याच्या ‘स्क्राइब’नं सिद्ध केलं की उपनगरातूनही असा बँड देशभर पोचतो. कुठे वाजवता येतं, किती मिळतं, विमानात गिटार कशी न्यायची, आयोजकानं पैसे बुडवले तर काय करायचं, हे ज्यानं भोगलं आहे तोच सांगू शकतो. बालगंधर्वांच्या कंपनीच्या दौऱ्यांच्या आठवणी आपण पुस्तकं काढून वाचतो. मग भाईंदरहून शेवटच्या डब्यात गिटार आणि पेडलबोर्ड सांभाळत लोअर परळला जाणाऱ्या आणि शेवटच्या लोकलनं परतणाऱ्या पोराला त्याच्या धंद्यातला अनुभव ऐकायला मिळू नये?

२०११ च्या जनगणनेत या शहरात आठ लाखांवर माणसं होती, आज कितीतरी जास्त आहेत. महाजनवाडीला महापालिकेचं लता मंगेशकर नाट्यगृह आहे. ज्यांच्या नावानं ते उभं आहे त्या बाईंनी राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदात भूपिंदर सिंग, रमेश अय्यर यांच्या गिटारींसोबत गाणी गायली. माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एक सकाळ, जेव्हा नाटकाचा प्रयोग नसतो, ही वास्तू नाममात्र भाड्यात अशा बैठकीला द्यावी. मोठ्या आवाजाची गरज नाही, एक छोटा अ‍ॅम्प पुरे, शेजाऱ्यांना त्रास नाही. रंगमंचावर तीन पिनांचे, अर्थिंग तपासलेले बोर्ड हवेत. पहिल्या रांगा पाहुण्यांसाठी न राखता वाद्य घेऊन आलेल्यांसाठी राखाव्यात. मोटर वाइंडिंगवाल्यांनाही बोलवावं, उत्तनच्या बँडवाल्यांनाही. आक्षेप घेणाऱ्या माझ्या विशारद मित्रांनी तानपुरा घेऊन यावं आणि जवारी लावून दाखवावी. वेळ दोन तास, त्यातला निदान एक तास प्रश्नांना. आणि कुणी उभं राहून “सर, तुम्ही नऊची वापरता की दहाची?” असं विचारलं, तर सूत्रसंचालकानं घड्याळाकडे न बघता माइक वादकाच्या हातात द्यावा.